लोणच्याच्या बरणीतला पैलवान: अमळनेरात पाळलेल्या एका मॅन्टिसची पूर्ण केस

मी काही किड्यांचा अभ्यासक वगैरे नाही. अमळनेरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, चिमटे, भिंग, बारीक ब्रश हे हाताशी असतं एवढंच काय ते भांडवल. पण ऑगस्ट २०२३ ते फेब्रुवारी २०२४ असे जवळपास सहा महिने घरात एक मॅन्टिस, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा प्रार्थना कीटक, सांभाळला, सुरुवातीलाच असा घोळ घातला की तो गेलाच होता, आणि त्या घोळातून जे कळलं तेच तेच आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसावं लागतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. तारखा वहीतल्या आहेत, जॉबकार्डच्या वहीचं मागचं पान. पुढून 'डिस्प्ले चेंज, ॲडव्हान्स ५००' आणि मागून 'आज खाल्लं नाही' असं ते चालायचं.

तर २१ ऑगस्ट, नागपंचमी. बहीण गावातच दिलेली आहे, भाचा सहावीत. तो मागच्या अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडावरून काहीतरी ओंजळीत धरून आला, "मामा हा बघ, नमस्कार करून बसलाय." हिरवागार, साधारण ४ सेंटिमीटर, त्रिकोणी डोकं, पुढचे दोन पाय दुमडलेले आणि त्यांना आतून करवतीसारखे काटे. पंख नाही, पाठीवर नुसत्या चार छोट्या चपट्या कळ्या. आमच्याकडे कुणी याला सरसकट नाकतोडा म्हणतं, कुणी खंडोबाचा किडा म्हणतं, पुस्तकात प्रार्थना कीटक असतं. नाकतोडा मात्र नव्हे हां. नाकतोडा पाला खातो, हा नाकतोडा खातो. आई म्हणे, "हाई काय शे रे भो, तुना डोकामा काय भरेल शे?" पण भाच्याने तोपर्यंत नाव पण ठेवून टाकलं होतं, पैलवान. दंड असे वर धरून बसतो म्हणून.

आता घोळ. एक किलोची लोणच्याची प्लास्टिक बरणी रिकामी होती, ती तीन वेळा धुतली, झाकणाला सोल्डरिंगच्या टोकाने भोकं पाडली, तळाला टिश्यू पेपर, आत लिंबाची एक काडी तिरकी टाकली, झालं घर. भाच्याला पण एकदम पसंत. वरून बघितलं तर सगळं व्यवस्थितच वाटत होतं, हवा आहे, काडी आहे, खायला माशा आहेत, अजून काय पाहिजे.

पहिले चार-पाच दिवस मजेत गेले. माशी आत सोडली की पैलवान आधी जागच्या जागी डावी-उजवीकडे डोलायचा, मग डोकं वळवून माशीवर नजर धरायचा आणि मग एकदम, म्हणजे दिसतच नाही, माशी काट्यात. त्या डोलण्यातून तो अंतर मोजतो. शिवाय त्याचे दोन्ही डोळे मिळून अंतर ओळखतात हे इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ मध्ये चक्क मॅन्टिसला मधमाशीच्या मेणाने चिमुकले थ्रीडी चष्मे चिकटवून दाखवलंय. आणि त्याच्या डोळ्यात जो काळा ठिपका दिसतो ना, तुम्ही जिकडे जाल तिकडे फिरणारा, तो बुबुळ नाही. डोळ्याच्या ज्या बारीक नळ्या नेमक्या आपल्या दिशेने असतात त्यातून उजेड परत येत नाही म्हणून तेवढी जागा काळी दिसते. गिऱ्हाईकांना ते सांगून पटत नाही, "आपल्याकडेच बघतोय तो" म्हणतात.

२६ तारखेपासून खाणं बंद. माशी अंगावरून चालून गेली तरी ढिम्म. आम्हाला वाटलं आजारी पडला, नाहीतर माशांना कंटाळला, म्हणून मी २८ ला संध्याकाळी एक बऱ्यापैकी मोठा रातकिडा पकडून आत सोडला आणि तो तसाच आत राहू दिला. पैलवान काडीला उलटा लटकलेला, रंग थोडा मातकट झालेला, पाठीवरच्या कळ्या फुगलेल्या. ह्या तिन्ही गोष्टी वहीत लिहिलेल्या आहेत माझ्याच हाताने. अर्थ मात्र लागला नव्हता. तो कात टाकायच्या तयारीत होता.

२९ च्या रात्री कधीतरी त्याने कात टाकायला घेतली. ३० ला सकाळी सहाला बरणी बघितली तर काडी घसरून आडवी पडलेली, पैलवान टिश्यूवर कुशीवर, अर्धी कात अजून मागच्या अंगाला चिकटलेली, डावा मधला पाय त्या कातीत पिळवटून अडकलेला, आणि रातकिडा त्याच्या एका मिशीपाशी बसून कुरतडतोय. त्या दिवशी राखी होती. नशीब एवढंच की भद्रा रात्री नऊपर्यंत होती म्हणून बहीण राखी बांधायला नऊनंतरच येणार होती, म्हणजे भाचा यायच्या आत माझ्याकडे अख्खा दिवस होता.

पहिलं काम रातकिडा बाहेर. मग सगळ्यात बारीक ब्रश, जो आम्ही बोर्ड साफ करायला वापरतो तसलाच पण नवा कोरा, केमिकल न लागलेला, तो माठातल्या पाण्यात बुडवून झटकून नुसता दमट केला आणि कात चिकटलेल्या जागी टेकवत राहिलो. ओढायचं नाही. आतलं अंग त्या वेळी ओल्या कागदासारखं मऊ असतं, ओढलं की कातीबरोबर तेही येतं. भिंगाखाली पाऊण तास लागला, दुकान उशिरा उघडलं. पोटावरची कात सुटली, मागचे दोन्ही पाय सुटले, डावा मधला मात्र सांध्यातून निखळून कातीतच राहिला. त्या जागी हिरवट पाण्याचा एक थेंब आला आणि थोड्या वेळाने सुकला. त्याचं रक्त तसंच असतं, लाल नसतं.

मग जुन्या टीशर्टचा तुकडा खडबडीत पुठ्ठ्यावर ताणून उभा केला आणि त्याला वरच्या टोकाला उलटा टांगता येईल असं ठेवलं, कारण नवीन अंग लटकूनच सरळ आणि कडक होतं. बाकीचे पाय बऱ्यापैकी सरळ झाले, उजव्या मागच्याला थोडा बाक राहिला. रात्री भाचा आला, बघितलं, पाच पाय मोजले आणि काही बोललाच नाही. राखी बांधून घेताना पण त्याचं लक्ष पुठ्ठ्याकडेच.

चूक नेमकी कुठे झाली ते मी नंतर पट्टी घेऊन मोजलं. बरणी १४ सेंटिमीटर उंच. तळाचा टिश्यू दीड-दोन सेंटिमीटर. काडी तिरकी, त्यामुळे पैलवान जिथे लटकला होता तिथून खाली मोकळी जागा फक्त ६ सेंटिमीटर. अंग ४ सेंटिमीटरचं, आणि कात टाकताना तो जुन्या कातीतून खाली खाली सरकत पूर्ण बाहेर येतो, म्हणजे जुनी कात वर आणि नवीन, आधीपेक्षा लांब, अंग तिच्याखाली. त्याला टेकायला नको काही. लटकायच्या जागेपासून खाली अंगाच्या निदान दुप्पट मोकळी जागा हवी, तिप्पट असली तर निवांत. आमच्याकडे दीडपटच होती. त्यात झाकण गुळगुळीत, भिंती गुळगुळीत, नखं रुतायला काडीशिवाय जागा नाही, आणि काडी कशालाही बांधलेली नाही. वजन हललं, काडी घसरली, संपलं.

हवेचाही थोडा हात होता. तो ऑगस्ट म्हणजे १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, आमच्याकडे तर श्रावणात कपाशी माना टाकून उभी होती. दुकानाला पत्रे, दुपारी आत ३५-३६ डिग्री. कोरड्या हवेत कात सुटायला अडते हे खरंच आहे. पण मी जर क्रम लावायचा म्हटला तर उंची आणि पकड पहिली, आत ठेवलेला रातकिडा दुसरा, हवा तिसरी. लोक उलट करतात, रोज फुसफुस पाणी मारतात आणि किडा ठेवतात चहाच्या ग्लासात.

नवीन घर आईच्या स्वयंपाकघरातून आलं. ताट झाकायची ती घडीची जाळी असते ना, छत्रीसारखी उघडणारी, पोळ्या-दूध झाकायला, ती एक मोठी होती, मधोमध २८ सेंटिमीटर उंच. ती स्टीलच्या परातीत बसवली, कडेने कापडाची सुरळी लावली म्हणजे फट राहत नाही. जाळीचं छत म्हणजे मॅन्टिसला हवं तिथे नखं रुतवता येतात, पाडली तरी पडत नाही. आत दोन काड्या, पण दोऱ्याने घट्ट बांधलेल्या, त्याही कडेला, मधली जागा मोकळी. आई दोन दिवस बोलली नाही जाळीवरून. खर्च म्हणाल तर स्प्रेची बाटली ४० रुपये आणि उष्णता-आर्द्रता दाखवणारं ते छोटं डिजिटल यंत्र, ते मी कुतूहलापोटी घेतलं, त्याच्याशिवाय पण चालतं. बस. जाळीला एकच तोटा, रातकिडे ती कुरतडतात, त्यामुळे रातकिडा द्यायचा तर चिमट्याने धरून हातानेच भरवायचा.

पाणी वाटीत ठेवायचं नाही, तो वाटीतलं सहसा पीतच नाही. सकाळ-संध्याकाळ जाळीच्या बाहेरून दोन फवारे, जाळीवर थेंब राहतात ते तो चाटून पितो. अंग निथळेल इतकं नाही.

पडल्यानंतर पहिले दोन दिवस खायला काहीच दिलं नाही, तोंडाचे भाग पण मऊच असतात. तिसऱ्या दिवशी दात कोरायच्या काडीवर पाणी घालून पातळ केलेल्या मधाचा एक थेंब. घेतला. ते बघून भाचा इतका ओरडला की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. चौथ्या दिवशी पंख काढलेली माशी चिमट्याने समोर हलवली, तीही घेतली, आणि मग गाडी रुळावर आली. दोन-तीन दिवसाआड एक मोठी माशी किंवा छोटा नाकतोडा, अंगाच्या निम्म्यापेक्षा मोठी शिकार द्यायची नाही. मेलेलं, वाळलेलं तो हुंगत पण नाही, हललं पाहिजे.

आता खाद्य कुठून आणायचं हा खानदेशातला खरा प्रश्न. भाच्याचा एक मित्र मोठ्या उत्साहाने शेतातून डबाभर किडे घेऊन आला, कपाशीतले. मी हात जोडले. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे मावा-तुडतुड्यांवर फवारणीचे दिवस, त्यातली काही औषधं झाडाच्या आत भिनतात, पाला खाणाऱ्या किड्यात उतरतात आणि मग जो तो किडा खाईल त्याच्यात. डबा तसाच परत. आम्ही घरच्या मागच्या गवतातलेच पकडायचो जिथे कुणी काही मारत नाही. माशांसाठी कापलेल्या बाटलीत गुळाचं पाणी. आणि ज्यांच्याकडे एकदम मुंगीएवढं पिल्लू आहे त्यांना तर आपल्याकडे चिंताच नको, रावेर-सावद्याकडची केळी घरोघर असतात, एक जास्त पिकलेलं केळं बाटलीत ठेवा, दोन दिवसात चिलटंच चिलटं. पिल्लांना तेच लागतं. बाहेर लोक ह्या चिलटांची पैदास करायला काय काय उपद्व्याप करतात, आपल्याकडे टोपलीवरून हाकलावी लागतात.

अजून एक गोष्ट जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. घरात रात्री डासांची मशीन चालू असायची, लिक्विडची. ते औषध डासाला मारतं तर ह्याला काय ओवाळणार आहे का. त्या खोलीतली मशीन बंद केली, मच्छरदाणी लावली. नगरपरिषदेची धुराची गाडी गल्लीत आली की परात उचलून मागच्या खोलीत, दार बंद, खाली ओलं फडकं. पंधरा मिनिटांचं काम, पण फडफड आवाज आला की भाचा त्याच्या घरून फोन करायचा, "मामा गाडी आली."

सप्टेंबरच्या मध्यात पाऊस परत आला. १३ तारखेपासून खाणं पुन्हा बंद, पण ह्या वेळी मला माहीत होतं. शिकार सगळी बाहेर, परात हलवायची नाही, कुणी हात लावायचा नाही, फवारा तेवढा एक जास्त. १७ सप्टेंबर, रविवार, गणपतीच्या दोन दिवस आधी, भाचा शाळा नसल्यामुळे इथेच होता. दुपारी तीनच्या सुमारास जाळीच्या मधोमध उलटा लटकलेला पैलवान थोडा थोडा थरथरायला लागला. डोक्यामागे पाठीवर कात उभी फाटली. तिथून आधी पाठ वर आली, कुबड्यासारखी, मग डोकं निघालं, डोळे एकदम स्वच्छ, फिकट. मग पाय. पाय निघताना बघवत नाही, इतके लांब आणि दोऱ्यासारखे लुळे, सगळे एका जुडग्यात खाली लोंबतात. पंचवीसेक मिनिटात तो नुसत्या शेपटाच्या टोकावर कातीला लटकलेला होता, डोकं खाली, आणि त्याच्या डोक्याखाली अजून हाताची चार बोटं बसतील एवढी जागा शिल्लक. मी ते बघूनच श्वास सोडला. मग एक झोका घेऊन वर वळला, स्वतःची कात पकडली, आणि तिथेच थांबला संध्याकाळपर्यंत. आणि डाव्या बाजूला, जिथे काही नव्हतं, तिथे एक छोटासा पाय. इतर पायांच्या अर्धा, फिका, पण सांधे-बिंधे सगळं असलेला. पिल्लू असेपर्यंत त्यांचा तुटलेला पाय पुढच्या कातीला परत येतो, मोठा झाल्यावर नाही, कारण मोठा झाल्यावर कातच टाकत नाही.

शेवटची कात ११ ऑक्टोबर. ती रात्री झाली, आम्ही झोपलेलो, सकाळी बघतो तर पंख. पूर्ण पाठभर, पानासारखे, दोन्ही बाजूंना एकेक पांढरट ठिपका, म्हणजे हायरोडुला वंशातला, भारतात बागेत-कुंपणावर दिसणारा मोठा मॅन्टिस बहुतेक ह्याच वंशातला असतो. छोटा पाय ह्या वेळी जवळपास भरून आला होता. उंची कमी असती तर पंख चुरगळलेले निघाले असते आणि ते मग कधीच सरळ होत नाहीत. तेव्हा मी पोट खालून नीट मोजलं. पोटाचे कप्पे मादीला सहा दिसतात, नराला आठ. सहा. पैलवान बाई निघाली. भाच्याने नाव बदलायला साफ नकार दिला, आई मात्र त्या दिवसापासून 'पैलवानीन' म्हणायला लागली आणि गंमत म्हणजे त्यानंतर तिला माशी भरवायला स्वतःच मागायला लागली.

मोठी मादी खादाड असते. पोट टरटरून फुगेपर्यंत द्यायचं नाही, भरल्या पोटी वरून पडली तर पोट फुटू शकतं. हातावर घेताना आधी पंखा बंद, सीलिंगचा, हे सांगायची वेळ माझ्यावर आली होती म्हणून लिहितो, ती उडाली नाही, पण उडी मारून थेट ट्यूबलाईटवर. चावली एकदाच, माझी करंगळी माशी समजून, सुई टोचल्याइतपत. विष वगैरे काही नसतं.

मधेच चोपड्याकडचं एक गिऱ्हाईक बोरीच्या फांदीला चिकटलेलं अंड्यांचं घर घेऊन आलं, वाळलेल्या फेसाचा बदामी गोळा असतो तसा, म्हणे आम्हाला पण पाळायचंय. भिंगाखाली धरलं तर त्यावर टाचणीने पाडल्यासारखी गोल गोल भोकं. पोडाग्रियन नावाची एक बारीक गांधीलमाशी ह्या गोळ्यात अंडी घालते, तिची पोरं आतली अंडी खातात आणि अशी भोकं पाडून निघून जातात. त्यांना सांगितलं, आणि हेही सांगितलं की गोळा चांगला असता तर जास्त पंचाईत होती, मोठ्या मॅन्टिसच्या गोळ्यातून एका सकाळी शंभर-दीडशे पिल्लं निघतात आणि थोड्याच दिवसात एकमेकांना खायला लागतात. सुरुवात करायची तर झाडावरचं एक मधल्या वयाचं पिल्लू घ्या, एका घरात एकच.

२२ नोव्हेंबरला पैलवानने जाळीच्या कडेला स्वतःचा गोळा घातला. नर भेटलाच नव्हता त्यामुळे त्यातून काही निघणार नव्हतं, माद्या अशी फुकट अंडी घालतात. भाच्याला सांगितलं. तो म्हणाला माहितीये, तरी काढू नका.

जानेवारीपासून ती मंदावली. पकड सुटायला लागली, माशी समोर धरली तरी पहिला वार चुकायचा, पायांची टोकं काळी पडली. मधाचा थेंब, पातळ केलेला, परत त्याच काडीवर. ९ फेब्रुवारीला सकाळी परातीत पडलेली होती. लिंबाच्या झाडाखाली पुरली, भाच्यानेच खड्डा केला, चमच्याने.

मार्चमध्ये आईच्या कुरडया गच्चीवर आल्या आणि ती म्हणाली, "मनी जाळी दे माले." दिली. गोळा मी ब्लेडने हळूच सोडवून डबीत ठेवला, पण एका कोपऱ्यात त्या फेसाचा करवंदाएवढा डाग राहिलाय, घासून जात नाही, कुरडयांच्या वर बरोबर तोच भाग येतो.